अधांतरी चुंबक आणि कापलेले गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यात नुकत्याच झालेल्या शालेय विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीने फळीवर वर्तुळाकार चुंबक बसवून त्यांच्या मधोमध एक छोटा चुंबक अधांतरी ठेवण्याचा प्रयत्न मांडला होता. तो दर वेळी कलंडून कोणत्या तरी चुंबकाला जाऊन चिकटत होता. परीक्षकांनी ‘मांडणीत अचूकपणा नाही’ असा शेरा मारून तिचे गुण कापले आणि शेजारच्याच टेबलावर काचेच्या नळीत एकावर एक तरंगणाऱ्या कंकणाकृती चुंबकांना ‘आधाराविना तरंगणारे चुंबक’ म्हणून बक्षीस दिले. चाळीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे दोन्ही निर्णय मान्य होण्यासारखे नाहीत.

अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणाऱ्या बलांच्या जोरावर कोणतीही वस्तू स्थिर समतोलात राहू शकत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ या इंग्लिश गणितज्ञाने १८४२ मध्येच दाखवून दिले आहे; आणि स्थायी चुंबकांच्या ध्रुवांमधले बल याच प्रकारचे असते. आपल्याकडे हे समजावायला घाटातली खिंड पुरेशी आहे. खिंडीच्या माथ्यावर गोटी ठेवली, तर दोन्ही बाजूंचे डोंगर तिला मध्यावर आणतात, पण पुढे-मागे उतारच असल्याने जराशा धक्क्याने ती एकतर देशावर घरंगळते किंवा कोकणात. चुंबकांची मांडणी कितीही बदलली, तरी ऊर्जेचा खळगा सर्व दिशांनी तयार होत नाही. वर-खाली स्थैर्य मिळाले, तर आडव्या दिशेत ते निसटते, आणि आडवे मिळाले, तर वर-खाली. त्यातून चुंबक मोकळा असला, तर तो उलटा होऊन विजातीय ध्रुव समोर आणतो, ही अडचण वेगळीच. म्हणजे त्या मुलीचा हात थरथरत होता म्हणून चुंबक पडला, असे मुळीच नाही. सर्वांत कुशल कारागिरालाही तो तसा ठेवता आला नसता.

नळीतले चुंबक तरंगतात, कारण नळीची भिंत त्यांना बाजूला सरकू देत नाही. तो आधारच आहे. प्रयोग चांगला आहे, चूक आहे ती त्याला दिलेल्या नावात.

खऱ्या पळवाटाही आहेत, आणि त्या प्रदर्शनात यायला हव्यात. चुंबकीय भोवरा फिरत असेपर्यंत हवेत राहतो आणि त्याचा वेग मंदावताच कोसळतो. त्याचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी १९९६ मध्ये मांडले. ग्रॅफाइट, बिस्मथ, पाणी यांसारख्या प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर लोटल्या जाणाऱ्या, पदार्थांना अर्नशॉचा नियम बांधून ठेवत नाही, म्हणूनच १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) अतिशय तीव्र क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी ठेवता आला. शांघायची चुंबकीय रेल्वे विद्युतचुंबकांवर चालते आणि तिथे गाडी व मार्ग यांमधले अंतर सतत मोजून प्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त केला जातो. नुसत्या स्थायी चुंबकांवर ती टिकली नसती.

मुंबईत येणाऱ्या विजेच्या ट्रामच्या प्रवाहाने मोजमापे बिघडतील म्हणून कुलाब्याचे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे निरीक्षण ज्या अलिबागला १९०४ मध्ये हलवले गेले, त्या अलिबागच्या जिल्ह्यात चुंबकांविषयी असा निवाडा व्हावा, याचे मला फार वाईट वाटते.

त्या मुलीच्या वहीत चुंबक कितव्या वेळी कोणत्या बाजूला कलंडला, याच्या अठ्ठावीस नोंदी आहेत आणि शेवटी ‘एक बाजू सावरली की दुसरी सुटते’ असे तिने स्वतः लिहिले आहे. परीक्षकांनी ती वही उघडलीच नाही. जिल्हास्तरीय प्रदर्शनाच्या आधी आयोजकांनी ती वाचावी आणि तिच्या गुणांचा फेरविचार करावा, ही माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. रायगड