गॅस काढायच्या आधी घरांची नोंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशात नैसर्गिक वायूचं उत्पादन वाढवायला पाहिजे अशा बातम्या हल्ली सारख्या येतात, त्याला माझा विरोध नाहीये. पण जिथे जमीन मुळातच हलते किंवा उपशामुळे हलायला लागू शकते तिथल्या लोकांच्या घरांचं काय, हे कुणीच विचारत नाही म्हणून हे पत्र.

नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन बघा. 1959 मध्ये तिथे युरोपातला सगळ्यात मोठा गॅसचा साठा सापडला आणि 1963 पासून उपसा सुरू झाला. हा भूकंपाचा प्रदेश नव्हताच. पण जमिनीखाली तीन किलोमीटरवर वाळूच्या दगडात गॅस प्रेशरखाली असतो, तो काढत गेलं की प्रेशर उतरतं, वरच्या ओझ्याने दगड दबतो आणि जुन्या फॉल्टच्या, म्हणजे खडकातल्या जुन्या मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत, मग तिथे ताण साचून धक्का बसतो. 1986 पासून त्या भागात धक्के जाणवायला लागले. मेंट फान डेर स्लाउस नावाचे भूगोलाचे अभ्यासक ओरडून सांगत होते की हे गॅसमुळेच होतंय, तर त्यांनाच वेड्यात काढलं. संबंध आहे हे अधिकृतपणे मान्य व्हायला 1993 उजाडलं.

16 ऑगस्ट 2012 ला हाउझिंगे गावाजवळ 3.6 चा धक्का बसला. आपल्याला वाटेल 3.6 म्हणजे काय मोठं, पण भूकंपाचं केंद्र जमिनीच्या पृष्ठभागाच्या इतकं जवळ असलं की विटांच्या जुन्या घरांना तेवढंही पुरतं, भिंतींना तिरक्या भेगा गेल्या, कित्येक घरांना बाहेरून लाकडाचे टेकू लावून ठेवावे लागले. खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने जानेवारी 2013 मध्ये उपसा लवकरात लवकर कमी करा म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी उपसा उलट वाढला! हे वाचलं तेव्हा खरंच संताप आला. शेवटी 1 ऑक्टोबर 2023 ला उपसा थांबला आणि 2024 मध्ये कायदा करून तो कायमचा बंद केला. संसदेच्या चौकशी समितीने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की लोकांच्या हिताकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं, आणि त्या काळात सरकारला मिळाले सुमारे 36 हजार कोटी युरो.

मी पाटण तालुक्यातला. कोयनेची गोष्ट वेगळी आहे, तिथे गॅस नाही, धरणाच्या पाण्याचा संबंध आहे. पण माणसाच्या कामामुळे जमीन हलू शकते हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सुमारे 180 माणसं गेली, भूकंपग्रस्ताचे दाखले आजही घराघरात जपून ठेवलेत. भेग पडली की आमच्याकडे तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवतात, काच तडकली की समजायचं भिंत अजून सरकतेय. पण भेग नेमकी कधी पडली, आधीची होती का, बांधकामच कच्चं होतं का, हे घरमालकाने कसं सिद्ध करायचं? एकदा एका ऑफिसात मला तोंडावर सांगितलं, भिंत जुनी आहे हो तुमची.

ग्रोनिंगेनमध्येही लोक असेच अडकले होते. मग तिथे कायदा बदलला, नुकसान गॅसमुळे झालंय असंच धरून चालायचं, तसं नसेल तर ते समोरच्याने सिद्ध करायचं. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आपल्याकडे आसामात तेल आणि गॅस दोन्ही काढतात आणि तो भाग भूकंपाच्या सगळ्यात धोकादायक पट्ट्यात येतो, 15 ऑगस्ट 1950 ला तिथे 8.6 चा भूकंप झालेला आहे. 2020 मध्ये बागजानच्या विहिरीतून गॅस उसळला, पुढे आग लागली, आग विझवणारे दोन जवान गेले आणि ती पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. ते भूकंपामुळे झालं नव्हतं, पण एरवीसुद्धा विहीर हाताबाहेर जाते तर मोठ्या धक्क्यात काय, हा प्रश्न उरतोच ना.

माझी मागणी एवढीच की अशा भागात पहिली विहीर खोदायच्या निदान वर्षभर आधी भूकंपमापक बसवा आणि त्याचे आकडे लोकांना रोज बघता येऊ द्या, आसपासच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढून एक कॉपी घरमालकाला द्या, धक्का किती मोठा बसला की उपसा थांबवायचा ते लायसन्समध्येच लिहा, आणि भेग आमच्यामुळे नाही हे सिद्ध करायचं काम कंपनीवर टाका.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)