दडा बसलाय की कान गेलाय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लालबागमध्ये १९ वर्षं मी पोळीभाजी केंद्र चालवते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी नेहमीसारखा फोन डाव्या कानाला लावला, तर पलीकडे कोणीच नाही. फोन बिघडला म्हणून उजव्या कानाला लावून पाहिला, तर रोजच्या गिऱ्हाइकाचा खणखणीत आवाज: "ताई, ऐकताय ना? ४० पोळ्या!" डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं आणि आत एक बारीक शिट्टी चालू होती.

"दडा बसला असेल," सगळे म्हणाले. मलाही तेच वाटलं. सासूबाईंनी लसणीचं तेल कोमट करून घातलं. औषधाच्या दुकानातून मळ सुटायचे थेंब आणले. जवळच्या डॉक्टरांनी कानात न बघताच सर्दीच्या गोळ्या दिल्या. त्यात ११ दिवस गेले.

बाराव्या दिवशी पालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत केसपेपर काढला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी कानात पाहिलं. मळ नव्हता, पडदा धड होता. मग त्यांनी दोन पायांचा स्टीलचा काटा स्वतःच्या कोपरावर आपटला आणि दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली. कवटीभर गुंजन पसरलं. "मावशी, कुठल्या बाजूला ऐकू येतंय?" म्हटलं, उजवीकडे. त्यांचं लिहिणं थांबलं. "मळ असता तर डावीकडे आलं असतं. किती दिवस झाले?"

त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र. बाहेरचा आवाज पडद्यावर येतो. मागची हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं तो आत ढकलतात. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. आत अडीच वेढ्यांचा शंख, त्यात द्रव आणि केसांसारखे तुरे असलेल्या पेशी. त्या आवाजाचा संदेश करून मज्जातंतूकडे देतात. मळ किंवा सर्दी ही वाटेतली अडचण, ती दूर करता येते. तेव्हा कपाळावरचा आवाज बंद कानातच मोठा वाटतो. पण शंख किंवा मज्जातंतू दुखावला असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. आणि शंखातल्या त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

माझा आजार होता अचानक येणारा बहिरेपणा. तीन दिवसांच्या आत, बहुधा एकाच कानाला होतो, आणि पुष्कळदा कारण सापडत नाही. त्यावर स्टिरॉइड देतात, पण पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत. मला मधुमेह असल्याने पडद्यातून इंजेक्शनं दिली. मज्जातंतूवर गाठ नाही ना, म्हणून एमआरआयही झाला. जाड आवाज परत आले, बारीक नाही आले.

आज तीन शेगड्यांवर तीन कुकर असतात आणि शिट्टी कुठल्याची झाली ते मला कळत नाही. दोन कानांशी आवाज पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक असतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो म्हणे. माझा तो हिशोबच मोडलाय. नाक्यावर रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून वाजला ते समजत नाही, लेक हात धरते.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचा असाच एक कान बंद झाला. काकूंच्या हातात तेलाची वाटी होती, ती मी काढून घेतली. काकांना तोंड मिटून 'म्म्म' म्हणायला लावलं. गुंजन चांगल्या कानात येतंय म्हणाले. त्याच दिवशी रिक्षात घालून ओपीडीत नेलं. ही खूण तपासणीची जागा घेत नाही, उलट उत्तर आलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. पण घरातली माणसं जागी होतात.

पालिकेच्या दवाखान्यांत डेंग्यू-मलेरियाचे फलक असतात. त्यांच्या शेजारी एक फलक याचाही लागावा: 'एक कान अचानक बंद झाला, तर तेल घालू नका, आजच कान तपासून घ्या.' प्रत्येक फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर तो काटा असावा. आणि औषध दुकानदारांनी मळाचे थेंब देण्याआधी एवढंच विचारावं, कधीपासून बंद आहे?

– एक वाचक, लालबाग