फ्रॅक्टलचे शेंडे आधी झडतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला फ्रॅक्टलवरचा, म्हणजे लहान तुकड्यातही मोठ्यासारखीच नक्षी दिसणाऱ्या आकारांवरचा, लेख आवडला. भरकटत आलेला कण लागेल तिथे चिकटतो आणि फांद्याफांद्यांचा पुंजका वाढत जातो, हे विटेन आणि सँडर यांचे १९८१चे मॉडेल लेखकाने छान समजावले. सपाट कागदावर वाढलेल्या अशा पुंजक्याची मिती (तो जागा किती भरतो याचे माप; रेषेची १, सपाट पृष्ठाची २) सुमारे १.७१ भरते, हेही आले. पण पुंजका तयार झाला आणि लेख संपला! पुढे त्याचे काय होते?

मी परभणीत विज्ञान शिकवायचो. आमचा हिमालय म्हणजे जुन्या सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा. तो खरवडून साफ करा आणि दुसऱ्या दिवशी बघा: कडेला पिसांसारखे तुरे, बोट लागले की मोडणारे. आठवडाभराने तिथेच खडीसाखरेसारखे दाणे दिसतात. मधे लाइट गेली तर आणखी लवकर (आणि ती जातेच). बर्फ वितळायलाच हवा असे नाही. टोकदार शेंड्यावरच्या रेणूंना शेजारी कमी, त्यामुळे ते सहज वाफ होऊन सुटतात आणि खोबणीत किंवा मोठ्या दाण्यावर जाऊन बसतात. लहान झिजतो, मोठा पोसतो. सावकारी हिशेबच म्हणा.

याला ऑस्टवाल्ड या शास्त्रज्ञाच्या नावावरून ऑस्टवाल्ड रायपनिंग (रायपनिंग म्हणजे मुरणे) म्हणतात. लिफशिट्झ, स्लिओझोव्ह आणि वॅग्नर यांनी १९६१मध्ये त्याचे गणित मांडले: दाण्याचा सरासरी आकार काळाच्या घनमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे दुप्पट व्हायला आठपट वेळ. अर्थात हे सुट्या, विखुरलेल्या दाण्यांचे. फ्रॅक्टलला ते जसेच्या तसे लावता येत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. त्याचे बारीक शेंडे आधी जातात, उरलेल्या फांद्या जाड होतात, पण मोठा आराखडा बराच काळ तसाच राहतो. लांबून मोजाल तर मिती जवळपास तीच. भिंग लावाल तर नुसते गुळगुळीत ठोंब.

जालन्याच्या स्टील भट्ट्यांतही याचाच भाऊबंद भेटतो. ओतलेले पोलाद सावकाश गोठले की आतल्या स्फटिकांच्या फांद्या जाड आणि विरळ होतात, झटकन गोठले की बारीक राहतात.

पुढच्या वेळी एकाच पुंजक्याचे दोन फोटो शेजारी छापावेत, एक ताजा, एक मुरलेला. फक्त मुलांना फ्रिज उघडून बघत बसा असे लिहू नका. त्यांच्या आया अजून माझ्याकडे तक्रार घेऊन येतात.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी