तंबू पाण्यापासून ऐंशी पावलं मागे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ओढ्याकाठच्या मुक्कामावरचा लेख वाचला. वीज नाही, नळ नाही, संडास नाही, पाठीवरून नेलं तेवढंच आपलं, अशा शांत उद्यानात दोन रात्री काढण्यातली मजा लेखकाने छान सांगितली आहे. माझी हरकत आहे ती सोबतच्या फोटोला. पाण्यापासून दोन हातांवर नारिंगी तंबू, दाराशी शेकोटी, तंबूच्या दोरीला टेकवलेली गळाची काठी. फोटो देखणा आहे, यात वादच नाही. पण तो पाहून निम्मे वाचक पुढच्या सुट्टीत नेमका तसाच तंबू ठोकतील, म्हणून हे पत्र.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्याच मुक्कामाला मी आणि माझा भाऊ ओढ्याच्या वळणावरचा वाळूचा पट्टा पाहून हरखलो होतो. दगड नाहीत, मुळं नाहीत, खुंट्या हाताने दाबल्या तरी आत जात होत्या. ही जागा इतकी सपाट कुणी करून ठेवली, हा प्रश्न काही आम्हाला पडला नाही. ओढ्यानेच करून ठेवली होती! रात्री डोक्यावर स्वच्छ चांदणं होतं. पाऊस वर डोंगरात कुठेतरी पडत होता. दोनच्या सुमारास जाग आली ती आवाज बदलल्यामुळे. खळखळ जाऊन खालून गडगड ऐकू येत होती, तळाचे गोटे एकमेकांवर आपटत होते. टॉर्च लावला तर दाराबाहेर काढून ठेवलेल्या भावाच्या बुटांपैकी एक गायब आणि दुसरा पाण्यात गोल फिरतोय. तंबू गुंडाळायला वेळच नव्हता, तसाच ओढत चढावर नेला. सकाळी पाहिलं तर वाळूच्या पट्ट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं.

आमचं बुटावर निभावलं. 2010 च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल मिसूरी नदीकाठच्या अल्बर्ट पाइक तळावर लोक असेच झोपेत असताना पहाटेपूर्वी लोंढा आला आणि 20 जण गेले. स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरातल्या बिएस्कासची गोष्ट याहून भयंकर. 7 ऑगस्ट 1996 च्या संध्याकाळी एका डोंगरी ओढ्याच्या लोंढ्यात तिथल्या मुक्कामतळावरची 87 माणसं दगावली. तो तळ काही कुणी चोरून थाटलेला नव्हता, रीतसर परवाना असलेला होता. पण वसवला होता तो ओढ्याने वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या थरावर. ओढा एकदा जिथे येऊन गेला तिथे तो पुन्हा येतो. झुडपांच्या फांद्यांत कमरेच्या उंचीवर अडकलेला पालापाचोळा, खोडांवरची चिखलाची रेघ, एकाच दिशेला झोपलेले लव्हाळे, या त्याच्या खुणा दिवसाउजेडी सहज दिसतात. बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

आणि ‘पाण्याच्या आवाजात झोप छान लागते’ असं लेखकाने जे म्हटलं आहे, ते अगदी खरं आहे. म्हणूनच पाणी चढलेलं लवकर कळत नाही.

पूर रोज येत नाही, हे मला मान्य आहे. पण पूर नसलेल्या रात्रीही काठावरची जागा फारशी सुखाची नसते. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि ओढ्याच्या खोलगटात साचते. वरून पाण्याची वाफ. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने थेंब गळायला लागतात, झोपायची पिशवी ओलसर होते आणि माणूस नव्या तंबूला शिव्या घालतो. तोच तंबू थोडा वर, झाडांच्या आडोशाला लावला असता तर कोरडा राहिला असता.

मग किती मागे जायचं? रानावनात मुक्काम करणाऱ्यांत रुळलेला हिशोब 60 मीटरचा आहे, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशीएक पावलं. उद्यानाने स्वतःच्या जागा आखून दिल्या असतील तर अर्थात त्याच वापराव्यात. तिथे आपलं शहाणपण नको. हेच अंतर शौचासाठी आणि भांडी घासण्यासाठीही पाळायचं. खड्डा 15 ते 20 सेंटीमीटरच खणायचा. खोल खणला की जास्त स्वच्छ, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मैला कुजवणारे जिवाणू मातीच्या वरच्या थरातच भरपूर असतात. खाली गेलं की ते काम रेंगाळतं. ‘निसर्गाला अपाय न करणारा’ असं लिहिलेल्या साबणाचंही तसंच. तो विरतो तो मातीत. ओढ्यात घातला तर आधी माशांच्या कल्ल्यांशी गाठ. पिण्याचं पाणी कितीही निवळशंख दिसलं तरी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळावं, आणि 2,000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. जिआर्डिया या पाण्यातून पोटात जाणाऱ्या सूक्ष्म परजीवीने एकदा पोट धरायला लावलं की हे आपोआप लक्षात राहतं.

आता मासे. मी स्वतः गळ टाकते, त्यामुळे हा भाग जरा लांबणार आहे.

काठावरचं गवत आणि झुडपं हे त्या ओढ्याचं छप्पर असतं. सावलीमुळे पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: शून्य अंशाला लिटरमागे साधारण 14.6 मिलिग्रॅम, तर 20 अंशाला जेमतेम 9. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांना हा फरक सोसत नाही. तंबू, खुर्च्या आणि येजा यांनी एका हंगामात काठ बोडका होतो, मग मुळं सुटतात, माती पाण्यात जाते आणि तळाच्या खड्यांमधल्या फटी गाळाने बुजतात. ट्राउट अंडी घालते ती त्याच खड्यांत. गाळाखाली त्या अंड्यांचा श्वास कोंडतो.

तळाचा एखादा चपटा दगड हलकेच उलटून पाहा. खालच्या बाजूला वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून केलेली, नखाएवढ्या लांबीची नळी दिसेल आणि तिच्या तोंडातून सहा पाय बाहेर आलेले असतील. ती कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी, माशांचं आवडतं खाणं. दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. या अळ्या आणि त्यांचे भाईबंद जिथे भरपूर सापडतात तिथलं पाणी चांगलं, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

शिवाय काठावर धपाधप चालणाऱ्याला मासा मिळत नाही. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला पाण्यातली थरथर कळते आणि काठावरच्या पावलांचा हादरा पाण्यात पोचतोच. डोहाशेजारी तंबू ठोकून वर तिथे स्पीकर लावणारी मंडळी संध्याकाळी ‘इथे मासेच नाहीत’ म्हणून कुरकुरतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

गळ टाकणारेही काही कमी नाहीत, हे आमच्याच लोकांबद्दल सांगते. मागे एका वाकलेल्या फांदीवरून तुटलेल्या नायलॉन दोऱ्याचा गुंता सोडवायला मला अर्धा तास लागला. आत तीन गळ आणि एका पक्ष्याचा सुकलेला पाय होता. शिशाच्या वजनांचं दुखणं त्याहून छुपं. पाणपक्षी ती खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मरायला लागले, तेव्हा 1987 मध्ये शिशाच्या बहुतेक लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आली. टिनची वा टंगस्टनची वजनं मिळतात, तीच वापरावीत. मासा सोडून द्यायचा असेल तर आधी हात ओले करावेत. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करत असतो.

लेखाच्या शेवटी ‘अशा ठिकाणी निदान दिवे आणि पक्की स्वच्छतागृहं तरी हवीत’ अशी मागणी आहे. ती मला पटली नाही. सोयींची उद्यानं आहेत की, ज्यांना हवं त्यांनी तिथे जावं. दिवा आला की रस्ता येतो, रस्त्यामागून गाड्या येतात, मग त्या जागेला शांत म्हणायचं तरी कशाला? एक फलक मात्र जरूर असावा, ओढ्याला पूर आल्यावर पाणी कुठवर चढतं हे दाखवणारा.

आपल्याकडून माझी मागणी छोटी आहे. या विषयावर पुन्हा छापाल तेव्हा तंबू मागे, झाडीत असलेला फोटो निवडा. ओढा त्यात कदाचित दिसणारही नाही.

आपली,
एक नियमित वाचक