पाळी अंतराळात आणि उसाच्या फडात

मा. संपादक,

मी केज तालुक्यात आशाताई म्हणून काम करते. सुनीता विल्यम्स २८६ दिवस अंतराळात राहून मार्च २०२५ मध्ये परतल्या, तेव्हा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, तिकडं पाळी आली तर काय करतात?" सगळ्यांसमोर, न लाजता. मला फार बरं वाटलं.

वजन जाणवत नसलं तरी पाळी येतेच. लांबच्या मोहिमेत बऱ्याच जणी ती गोळ्यांनी थांबवतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला अंतराळवीर सॅली राइड आठवडाभरासाठी निघाल्या, तर अभियंत्यांनी शंभर टॅम्पॉन (पाळीत आत वापरायचे कापसाचे बोळे) पुरतील का असं विचारलं होतं! पण खरी काळजी अंतराळातल्या घातक किरणांची. त्यांनी बीजांडांना इजा होऊ शकते, आणि बाईची बीजांडं तर जन्मापासून मोजकीच असतात, नवी तयार होत नाहीत.

गोळ्या आमच्या ऊसतोड बायकाही घेतात, पण खाडा झाला तर पैसे कापतात म्हणून. काहींनी तर तिशीतच गर्भाची पिशवी काढून टाकली. त्यावर २०१९ मध्ये सरकारनं समितीही नेमली होती. इथं कुणाची देखरेख?

भारताच्या गगनयान या अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले पहिले चौघे पुरुष आहेत. पुढं मुली जातील. त्यांच्या शरीराचा अभ्यास आत्तापासून व्हावा, आणि फडावर महिन्यातून एकदा तरी डॉक्टरबाई याव्यात.

– एक आशा कार्यकर्ती, ता. केज, जि. बीड