काका, ती चिठ्ठी अजून मॉनिटरला आहे

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात तो 2020 चा मे महिना. टाळेबंदी होती, आम्ही सगळे घरून काम करत होतो. त्यामुळे ना निरोप समारंभ झाला, ना शाल-श्रीफळ. संध्याकाळी ग्रुपवर तुमचा मेसेज आला, 'आज शेवटची पाळी. काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा असावी.' आम्ही हात जोडलेले इमोजी टाकले आणि पुढच्या बातमीला लागलो. त्याची रुखरुख आजही आहे. म्हणून जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आज सगळ्यांसमोर लिहितोय.

छापील आवृत्तीतून तुम्ही आमच्या डिजिटल डेस्कवर आलात तेव्हा मी चोविशीचा होतो. 2016 मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, गावोगावी लोक फोनवर व्हिडिओ बघू लागले. त्या लाटेत माझे व्हिडिओही भरपूर चालले, आणि ते माझ्या हुशारीमुळेच चालतात असं मी धरून चाललो होतो. तुमची तीस वर्षं मुद्रितशोधनात गेलेली. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला, वेबवर लागणारं युनिकोड टायपिंग नवं. पहिल्याच आठवड्यात खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसलात आणि विचारलंत, "मला 'दऱ्या' लिहायचंय, तर 'दर्या' का उमटतंय रे?"

मला सांगता आलं नाही. दोन वर्षं मी 'दुसर्या', 'सार्या' असंच लिहीत होतो आणि त्यात काही चुकतंय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीत तो कुठून येणार?" दुसऱ्या दिवशी उत्तर तुम्हीच शोधून आणलंत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबायची, मग अक्षराचा पाय मोडायचा, मग य. स्वतःच्या वहीत ते निळ्या शाईनं उतरवून घेतलं होतंत, आणि तसंच एका चिठ्ठीवर लिहून माझ्या मॉनिटरला चिकटवलंत. मॉनिटर दोनदा बदलला, चिठ्ठी तीच आहे.

पण खरं ऋण आहे ते ऑगस्ट 2019 मधल्या त्या दुपारचं. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली जात होतं. कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, व्हिडिओ मी घाईत चढवला आणि मथळ्यात क्युसेकच्या जागी टीएमसी लिहिलं. बघता बघता तो लाखाच्या वर गेला. मी आकडा बघत बसलो होतो. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि आवाज न चढवता विचारलंत, "कोयना किती टीएमसीची?"

"105."

"मग तिच्यातून हजारो टीएमसी सुटेल कसं?"

माझा चेहरा उतरला. तुम्ही पाठकोरा कागद ओढलात आणि हिशेब मांडलात. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी वाहणं. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे 11,574 क्युसेकनं पाणी अख्खा दिवस सोडलं, तर कुठे एक टीएमसी होतं. शेवटच्या आकड्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात. मग म्हणालात, "कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि सांगलीला जातं. तिथला माणूस आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ते बघतोय. 40 ला इशारा, 45 ला धोका. म्हाताऱ्या आईला माडीवर न्यायचं की गाव सोडायचं, हे तो आपली बातमी वाचून ठरवणार आहे."

मी गुपचूप मथळा दुरुस्त करायला गेलो, तर तुम्ही थांबवलंत. व्हिडिओ काढायला लावलात आणि चूक कोणती झाली होती ते माझ्याच आवाजात सांगायला लावलंत. तो दुसरा व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत पाहिलात.

संध्याकाळी चहाला एक गोष्ट कळली आणि ती माझ्या मनातून कधीच गेली नाही. माझ्याकडे यायच्या आधी तुम्ही पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून हिशेब पडताळून घेतला होता. म्हणालात, "बऱ्याच वर्षांत केला नव्हता, म्हटलं आपलंच चुकत असेल तर?" तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस हे म्हणत होता. त्या दिवसापासून कुणाची चूक दाखवण्याआधी मी एकदा माझं तपासतो.

पुढे 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथलं माझं सगळं काम एका रात्रीत गेलं. तुम्हाला फोन केला. तुम्ही सांत्वन वगैरे केलं नाहीत. म्हणालात, "मग आता नवीन काय बघतोयस? मलाही दाखव." पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचं रील्स आलं आणि ते शिकायला मी लगेच बसलो.

आज डेस्क माझ्याकडे आहे. लातूरची एक बावीस वर्षांची मुलगी नुकतीच आली आहे. गेल्या महिन्यात मशीननं केलेल्या सबटायटलमध्ये 'विसर्ग'चं भलतंच काही झालं होतं. मी पास केलं होतं, तिनं पकडलं. तिनं सांगितलं तेव्हा आधी जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मग खुर्ची तिच्याकडे ओढली आणि तिची पद्धत विचारली. ती सबटायटल आवाज बंद करून एकदा वाचते आणि डोळे मिटून एकदा ऐकते. वहीत लिहून घेतलंय. वही घ्यायची सवयही तुमचीच.

काकूंना नमस्कार सांगा. नातवाच्या बारशाच्या व्हिडिओवर मराठी अक्षरं कशी चढवायची ते तुम्हाला शिकायचं होतं ना? रविवारी दहाच्या सुमारास लॅपटॉप घेऊन येतो. त्या मुलीलाही आणतोय, या कामात ती माझ्यापेक्षा तरबेज आहे.

तुमचा,
डेस्कवरचा शेजारी