आधी बस वाढवा, मग फी लावा

संपादक महोदय,

मुंबईत गर्दीच्या वेळी गाडी आणली तर फी घ्यावी अशी चर्चा अधूनमधून पेपरात येते आणि आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडतो. रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर टॅक्स भरतो, खड्ड्यातनं गाडी काढतो, आता ट्रॅफिकमध्ये अडकायचे पण पैसे द्यायचे का वगैरे. मी पण त्यातलाच, पण आज जरा उलटं बोलणार आहे म्हणून आधी स्वतःचंच सांगतो.

मी ठाणे पूर्वेला राहतो, आनंदनगरचा टोलनाका घरापासून जवळच. ऑफिस परळला. पूर्वी आठवड्यातनं दोनदा गाडी काढायचो, बाकी दिवस लोकल, कारण 45 रुपये टोल आणि वर पेट्रोल हा हिशोब किल्ली हातात घेतली की डोक्यात यायचाच. मग ऑक्टोबर 2024 ला मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, निवडणूक तोंडावर होती हे वेगळं सांगायला नको, आणि माझी दोन दिवसांची गाडी पाच दिवसांची कधी झाली मलाच कळलं नाही. म्हणजे 45 रुपये वाचले की माणूस गाडीत बसतो, मग तेवढेच परत लावले तर काही जण उतरतील की, मी तर नक्की उतरेन.

परवा सायनला सिग्नल सुटेना म्हणून बसल्या बसल्या आजूबाजूच्या गाड्या मोजल्या. 23 गाड्या, त्यातल्या 17 मध्ये एकटा ड्रायव्हर, अठरावा मी. मधोमध एक बस अडकलेली, दारात एक काका एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने डब्याची पिशवी धरून उभे. आम्ही अठरा जण एसी लावून त्या अख्ख्या बसची वाट अडवून बसलेलो, आणि टॅक्स भरतो म्हणून ओरडणारे पण आम्हीच.

पण सरकारने उद्या उठून नुसते कॅमेरे लावून फास्टॅगमधनं पैसे कापायला सुरुवात केली तर मात्र माझा विरोध आहे. स्वीडनमधल्या स्टॉकहोमवाल्यांनी हे कसं केलं बघा, फी सुरू झाली जानेवारी 2006 ला पण जवळपास 200 नव्या बस त्यांनी त्याच्या आधी, ऑगस्ट 2005 पासूनच रस्त्यावर आणल्या. लोक खवळलेले होतेच तिथे पण, तरी सात महिने ट्रायल घेतली, गाड्या साधारण 20 टक्क्यांनी कमी झाल्या, मग ट्रायल थांबवल्यावर गर्दी परत आली ती लोकांनी डोळ्यांनी बघितली आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं तर शहराने थोडक्यात का होईना हो म्हटलं. लंडनने पण 2003 ला 5 पौंडांची फी लावली तेव्हा बस वाढवल्या होत्या, आणि वसुलीचा खर्च जाऊन उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा हे तिथे कायद्यातच आहे.

आपल्याकडे काय झालं? बेस्टच्या एकेकाळी चार हजारांवर बस होत्या, त्या आता तीन हजारांच्या पण खाली आल्या. आणि गाडीवाल्यांचा टोल शून्य केल्यावर सातच महिन्यांत, मे 2025 ला, साध्या बसचं मिनिमम तिकीट 5 चं 10 केलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेव्हा म्हणाल्या, "दादा, तुमचा टोल आमच्या तिकिटात टाकला काय?" हसलो खरं, पण उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तेव्हा फी लावायचीच असेल तर पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, दर महिन्याला किती जमले आणि त्यातनं किती बस आल्या हे नाक्यावर बोर्ड लावून लिहा, आणि व्हीआयपींच्या गाड्यांना सूट देऊ नका, नाहीतर सगळं तिथेच फिसकटेल. रिक्षावाले, हॉस्पिटलला जाणारे, अपंग यांचा विचार आधीच करा. सगळ्यात पहिलं म्हणजे आमच्या ठाणे पूर्वेच्या कोपरीहून परळ आणि बीकेसीला सकाळी दर दहा मिनिटांनी थेट बस सोडा, बसला वेगळी लेन द्या, हे सहा महिने चालवून दाखवा. त्यानंतर माझ्या फास्टॅगमधनं 45 काय, 100 कापा.

- एक गाडीवाला, ठाणे (पूर्व)